जुन्या मोटारींची मूळ सर्व्हिस अवजारे: कोणती शोधावीत, कोणती घडवून घ्यावीत, कशी वापरावीत

जुनी मोटार सांभाळणारा माणूस सुटे भाग मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे बाजार धुंडाळतो. मात्र ते भाग ज्या अवजारांनी काढावेत आणि बसवावेत अशी कारखान्याची योजना होती, त्या अवजारांकडे त्याचे लक्ष बहुधा काहीतरी मोडल्यावरच जाते. मोटारीचा आराखडा तयार होत असतानाच तिच्या दुरुस्तीसाठी लागणारी खास अवजारेही आखली जात, त्यांना क्रमांक दिले जात आणि ती अधिकृत विक्रेत्यांच्या कार्यशाळांना पुरवली जात. त्यामुळे वर्कशॉप मॅन्युअल लिहिणाऱ्याने ही अवजारे वाचकाच्या हाताशी आहेत असेच गृहीत धरलेले असते. 'सर्व्हिस टूल अमुक वापरून हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) काढावा' या एका ओळीत अर्ध्या दिवसाचे काम आणि एखाद्या न मिळणाऱ्या भागाचे भवितव्य दडलेले असते.

अशा अवजारांचे खरे मोल त्यांच्या पोलादात किंवा त्यांच्यावर ठोकलेल्या नावात फार थोडे असते. जोर भागाच्या कोणत्या बिंदूवर, कोणत्या दिशेने आणि किती प्रमाणात लागावा, याचा निर्णय आराखडा करणाऱ्याने अवजाराच्या आकारातच घेऊन ठेवलेला असतो, आणि आपल्याला हवा असतो तो हा निर्णय. तो समजून घेतला, तर निम्म्याहून अधिक अवजारे विकत घ्यावी लागत नाहीत. न समजता घेतलेले अस्सल अवजारही भाग मोडू शकते.

कामाची सुरुवात मॅन्युअलपासून करावी. बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या), म्हणजे मॉरिस, ऑस्टिन आणि एमजी या गाड्यांच्या, मॅन्युअलमध्ये त्या त्या प्रकरणाच्या शेवटी लागणाऱ्या सर्व्हिस टूल्सची यादी चित्रांसह दिलेली असते. काम हाती घेण्यापूर्वी त्या प्रकरणात उल्लेख आलेले प्रत्येक अवजार कागदावर उतरवावे आणि त्यापुढे ते कशासाठी आहे हे आपल्या शब्दांत लिहावे: ओढण्यासाठी, दाबण्यासाठी, धरून ठेवण्यासाठी, मध्यावर आणण्यासाठी की मोजण्यासाठी. पुढचे सर्व निर्णय या वर्गवारीवर अवलंबून राहतात. मॅन्युअलची छायाप्रत घेताना अवजारांची पाने अनेकदा वगळली जातात, कारण त्यांत 'माहिती' नाही असे छायाप्रत काढणाऱ्याला वाटते. ती पाने मुद्दाम मागून घ्यावीत.

क्रमांक वाचता येणे ही यानंतरची पायरी आहे. बीएमसीच्या अवजारांचे क्रमांक '१८ जी'ने सुरू होतात. १८ जी ४५ हे व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबण्याचे अवजार आहे, १८ जी १०६३ हे स्टिअरिंगचे बॉल जॉइंट सोडवण्याचे आहे, आणि १८ जी १३४ ही बेअरिंग व ऑइल सील ठोकून बसवण्याची मूठ आहे, जिला वेगवेगळ्या मापांचे अॅडॅप्टर लागतात. क्रमांकापुढे येणारे अक्षर काही वेळा सुधारित आवृत्ती दाखवते, तर १८ जी १३४ सारख्या मूळ अवजाराच्या बाबतीत कोणता अॅडॅप्टर ते दाखवते; म्हणूनच केवळ '१३४' एवढे पाहून घेतलेले अवजार अॅडॅप्टरविना नुसता दांडा ठरू शकते. यांपैकी बरीच अवजारे, तसेच स्टँडर्ड-ट्रायम्फची अवजारे, व्ही. एल. चर्चिल या ब्रिटिश कंपनीने बनवलेली असल्याने त्यांवर गाडीच्या कंपनीऐवजी चर्चिलचे नाव आढळते. क्रायस्लरच्या गाड्यांसाठी मिलर कंपनी अवजारे पुरवी आणि त्यांच्या क्रमांकाआधी 'सी' असे, तर जनरल मोटर्ससाठी केंट-मूरची अवजारे 'जे' या अक्षराने ओळखली जातात. फियाटच्या पुस्तकांत क्रमांकाआधी 'ए' येतो. मर्सिडीजच्या लांबलचक क्रमांकात मधे ५८९ हा आकडा असला, तर ती वस्तू सुटा भाग नसून खास अवजार आहे असे समजावे. भंगारवाल्याच्या ढिगात पडलेल्या गंजक्या लोखंडाची किंमत या अक्षरांमुळे आपल्याला कळते आणि सुदैवाने त्याला बहुधा कळत नाही.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांना ही माहिती थेट लागू पडते. अॅम्बॅसेडर ही मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घडलेली असल्याने जुन्या मॉडेलच्या बऱ्याच कामांना बीएमसीची अवजारे चालतात. मद्रासला तयार झालेली स्टँडर्ड हेराल्ड ही मुळात ट्रायम्फ हेराल्ड आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून आधी डॉज, प्लिमथ आणि डिसोटो, तर पुढे फियाट ११०० आणि तिचीच पद्मिनी बाहेर पडली. महिंद्राची जीप तर मूळ विलीजचीच. गाडीवरचे नाव भारतीय असले, तरी अवजार शोधताना तिचे मूळ घराणे पाहावे लागते.

खास अवजारांकडे वळण्यापूर्वी साध्या पान्यांचा प्रश्न निकालात काढायला हवा, कारण जुन्या गाड्यांवरचे सर्वाधिक नुकसान चुकीच्या मापाच्या पान्यानेच झालेले दिसते. फियाट मेट्रिक आहे, त्यामुळे तिथे अडचण नाही. युद्धोत्तर ब्रिटिश गाड्यांमध्ये हळूहळू युनिफाइड आटे आले आणि त्यांना 'एएफ' मापाचे, म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधील अंतर इंचांत सांगणारे, पाने लागतात. अर्धा इंच एएफ म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३ चा पाना बसतो खरा, परंतु तो ०.३ मिमी सैल असतो आणि घट्ट नटाचे कोपरे गोल करण्यास तेवढे पुरते. ७/१६ एएफ म्हणजे ११.११ मिमी, ज्यावर ११ चा पाना चढत नाही, म्हणून १२ चा लावला जातो. ९/१६ म्हणजे १४.२९ मिमी, तिथे १५ चा लावणे ही तर नट खराब करण्याची खात्रीची रीत आहे. त्याहून जुन्या ब्रिटिश गाड्यांवर व्हिटवर्थ आणि बीएसएफ (आट्यांच्या जुन्या ब्रिटिश पद्धती) ही मापे येतात, ज्यांत पान्यावरचा आकडा नटाच्या माथ्याचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. पाव इंच व्हिटवर्थ म्हणून दिलेल्या पान्याचे तोंड १३.३ मिमी भरते. मॉरिसच्या घराण्यातील काही जुन्या इंजिनांत, उदाहरणार्थ एमजीच्या टी मालिकेतील एक्सपीएजी इंजिनात, आटे मेट्रिक आणि नटाचे माथे व्हिटवर्थ मापाचे असा विचित्र संगम आहे. तिथे पाना चपखल बसला म्हणून बाजारातला व्हिटवर्थ बोल्ट लावला, तर ब्लॉकमधील आटे जातील. पाना आणि आटे यांची तपासणी नेहमी वेगवेगळी करावी, आणि त्यासाठी आट्यांचा गेज जवळ ठेवावा.

मूळ अवजाराविना जिथे हातच घालू नये, असे काम म्हणजे टेपरवर बसवलेला हब. हेराल्डच्या मागच्या चाकाचा हब अर्ध्या अॅक्सलच्या निमुळत्या टोकावर (यालाच टेपर म्हणतात) की, म्हणजे त्याला घसरू न देणारी पोलादी पट्टी, हिच्यासह घट्ट बसलेला असतो आणि त्यावर पन्नासएक वर्षांचा गंज चढलेला असतो. साधा तीन पायांचा पुलर (ओढून काढण्याचे अवजार) हबच्या फ्लँजच्या, म्हणजे चाक बसते त्या चपट्या चकतीच्या, कडेला पकडतो. मधला स्क्रू आवळला की कडा बाहेर येते, मधला भाग जागचा हलत नाही, आणि फ्लँज बशीसारखी वाकते. पुढे चाक वळवळते आणि मालक टायर-रिम तपासत बसतो. चर्चिलचे या कामासाठीचे एस १०९ सी हे अवजार फ्लँजला सभोवार आणि मध्याच्या शक्य तितक्या जवळ आधार देते व जाड, बारीक आट्यांच्या स्क्रूने अॅक्सलच्या टोकावर सरळ रेषेत दाब टाकते. हे अवजार हातात घेतल्यावर त्याचा जडपणा आधी अनावश्यक वाटतो. काम करताना तोच कामी येतो, कारण अवजार स्वतः लवत नाही.

ते वापरण्याची पद्धत अशी. अॅक्सलचा नट पूर्ण काढू नये. तो सैल करून टोकाशी सपाट येईल एवढा ठेवावा, जेणेकरून आटे चेपणार नाहीत आणि टेपर सुटताच हब उडून अंगावर येणार नाही. स्क्रूच्या आट्यांना आणि टोकाला मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस लावावे, कारण कोरडा स्क्रू पहिल्या दुसऱ्या कामातच आटे खाऊन बसतो. स्क्रू लांब दांड्याने आवळावा, पूर्ण ताण आल्यावर थांबावे आणि स्क्रूच्या माथ्यावर जड हातोड्याचा एकच नेमका घाव द्यावा. हब सुटला नाही तर पुन्हा थोडे आवळून पुन्हा घाव द्यावा. तरीही सुटला नाही, तर ताण तसाच ठेवून भेदक तेल सोडावे आणि रात्रभर थांबावे. पुष्कळदा तो कोणी हात न लावता मोठा आवाज करून सुटतो, म्हणून समोर कोणी बसू नये आणि मुले गॅरेजमध्ये येणार नाहीत याची काळजी घ्यावी. गॅसची ज्योत हा शेवटचाही उपाय मानू नये, कारण शेजारी बेअरिंग आणि सील असतात व पोलादाचा कठीणपणाही जातो. हब परत बसवताना टेपरचे दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ आणि कोरडे असावेत. तिथे ग्रीस लावणे हे चांगल्या हेतूने केले जाणारे वाईट काम आहे.

महिंद्राच्या सीजे-३बी जीपच्या मागच्या अॅक्सलवरही हब टेपरवरच असतो, आणि युद्धानंतरच्या काही दशकांतील क्रायस्लर घराण्याच्या गाड्यांतही हाच प्रकार आहे. तिथेही वरचीच रीत लागू आहे. त्या क्रायस्लर गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात, हे ठाऊक नसलेला माणूस पाइप लावून बोल्ट तोडतो. ब्रिटिश गाड्यांतही एमजीएसारख्या काहींच्या डाव्या हबचा नट उलट्या आट्यांचा असतो. जोर लावण्यापूर्वी बाहेर आलेल्या आट्यांचा कल पाहण्यास क्षणभर लागतो.

याच वर्गातील पण सोपी अवजारे म्हणजे विचित्र नटांसाठीचे बॉक्स पाने. लष्करी जीपच्या हबमधील बेअरिंगचा नट सव्वादोन इंचांच्या जरासा आत, म्हणजे २ १/८ इंच अर्थात सुमारे ५४ मिमी, आणि अगदी पातळ असतो. जीपच्या मूळ साहित्यात त्यासाठी पत्र्याचा खोल बॉक्स पाना दिलेला असे. बीएमसीच्या मागच्या अॅक्सलवर आठ बाजूंचे नट आढळतात. आपल्याकडे हे नट छिन्नी-हातोडीने फिरवण्याची परंपरा आहे, आणि जुन्या गाडीचा हब उघडल्यावर नटावर छिन्नीचे व्रण दिसले नाहीत तर गाडी खरोखरच कमी चाललेली असावी असा तर्क करायला हरकत नाही. छिन्नीने नट सुटतो. बेअरिंगला योग्य ताण मात्र छिन्नीने देता येत नाही, आणि बिघाड होतो तो सोडताना नव्हे, बसवताना. हे पाने मूळच हवेत असे नाही. नटाचे माप व्हर्नियरने घेऊन जाड भिंतीच्या पाइपातून लेथवर आणि मिलिंग यंत्रावर ते सहज तयार होतात. तोंडाकडची आतील गोलाई मात्र काढून टाकावी, नाहीतर पातळ नटावर पाना अर्धाच बसतो.

मोजमापाच्या अवजारांबाबत अधिक विचार करावा लागतो. डिफरन्शियलसाठी (मागच्या अॅक्सलमधील दातेरी चाकांच्या संचासाठी) बीएमसीने १८ जी १९१ हा पिनियनची, म्हणजे त्यातील लहान दातेरी चाकाची, उंची ठरवणारा गेज आणि १८ जी २०७ हा पिनियनच्या बेअरिंगवरील पूर्वताण (बसवतानाच दिलेला ताण) मोजणारा गेज दिला होता. दुसऱ्याला घरगुती पर्याय आहे. पिनियनच्या फ्लँजभोवती दोरा गुंडाळून त्याच्या टोकाला स्प्रिंगचा काटा लावावा, दोरा सावकाश व एकसारखा ओढावा आणि फ्लँज फिरत असताना दिसणारा आकडा घ्यावा. सुरुवातीला सुटताना दिसणारा मोठा आकडा सोडून द्यावा. काट्यावरचा भार गुणिले फ्लँजची त्रिज्या म्हणजे पूर्वताण. समजा मॅन्युअलमध्ये १२ किलोग्रॅम-सेंटिमीटर सांगितले आहे आणि दोरा जिथे गुंडाळला तिथली त्रिज्या ५ सेंटिमीटर आहे, तर काट्यावर २.४ किलोग्रॅम दिसले पाहिजेत. हे माप नवे ऑइल सील बसवण्यापूर्वी घ्यावे, कारण सीलचे घर्षण त्यात मिसळते. पहिल्या गेजला, म्हणजे पिनियनच्या उंचीला, असा सोपा पर्याय नाही. दातांवर निळी लावून ठसा पाहता येतो, पण तो वाचण्यास अनुभव लागतो. तेव्हा आवाज नसलेले डिफरन्शियल केवळ उत्सुकतेपोटी उघडू नये, आणि उघडावेच लागले तर प्रत्येक शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) कोणत्या बाजूची होती ते चिठ्ठी लावून वेगळे ठेवावे.

टॉर्कच्या, म्हणजे नट-बोल्ट आवळण्याच्या पिळाच्या, आकड्यांत एककांचा गोंधळ होतो, म्हणून इथेच सांगतो. ब्रिटिश आणि अमेरिकी पुस्तके पाउंड-फूट वापरतात, त्याला १.३५६ ने गुणले की न्यूटन-मीटर मिळतात, म्हणजे ४० पाउंड-फूट हे ५४ न्यूटन-मीटरच्या किंचित वर जातात. फियाटच्या त्या काळच्या पुस्तकांत किलोग्रॅम-मिलिमीटर हे एकक असल्याने ५,५०० असा भयंकर आकडा दिसतो, तो ५.५ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे पुन्हा ५४ च्या आसपासच न्यूटन-मीटर असतो. टॉर्कचा पाना मात्र जुना घेऊ नये. १८ जी ३७२ हा बीएमसीचा टॉर्क पाना संग्रहात शोभतो, परंतु त्याची अचूकता तपासून प्रमाणित करून घेतल्याशिवाय त्यावर सिलिंडर हेड आवळू नये. नवा, प्रमाणपत्रासह येणारा पाना अधिक विश्वासार्ह आहे. टायमिंगचा दिवा, कॉम्प्रेशन गेज, फीलर गेज, व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबण्याचे अवजार, पिस्टन रिंगचा पट्टा यांबाबतही मूळ क्रमांकाचा आग्रह धरण्याचे कारण नाही. क्लच मध्यावर आणण्याचा दांडा लेथवर तासाभरात होतो, किंवा मोडक्या गिअरबॉक्समधला इनपुट शाफ्ट मिळाला तर तोच वापरावा.

कॉइल स्प्रिंग दाबण्याच्या अवजाराविषयी मात्र तडजोड नसावी. पुढच्या सस्पेन्शनच्या दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा जीव घेण्याइतकी शक्ती साठलेली असते, आणि बाजारात मिळणारे दोन पातळ हुकांचे स्वस्त कॉम्प्रेसर प्रत्येक गाडीला चालत नाहीत. मॅन्युअलमध्ये स्प्रिंगच्या आतून जाणारे किंवा खालचा आर्म धरून हळूहळू उतरवणारे अवजार दिलेले असेल, तर त्याच पद्धतीचे मिळवावे आणि स्थानिक कारागिराकडून नक्कल करून घेण्याच्या यादीतून ते वगळावे. जीप आणि अॅम्बॅसेडरवाल्यांचा यात तूर्त बचाव होतो: पहिल्या गाडीला पाट्यांच्या स्प्रिंगा आहेत, दुसरीच्या जुन्या मॉडेलला पुढे टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे) आहेत. अर्थात टॉर्शन बारही ताण सोडल्याशिवाय काढायचा नसतो.

अवजार विकत घेताना गंजाची फार चिंता करू नये. वरचा गंज निघतो. पाहायचे ते हे: स्क्रूचे आटे पूर्ण लांबीत सारखे आहेत का, नट शेवटपर्यंत हाताने फिरतो का, पायांच्या मुळाशी केसासारखी भेग आहे का, आणि कोणी वेल्डिंग केले आहे का. वेल्डिंग केलेला पुलर कितीही अस्सल असला तरी घेऊ नये. भेगेचा संशय असल्यास रॉकेलने पुसून, कोरडा करून खडूची पूड लावावी. थोड्या वेळाने भेगेतील रॉकेल बाहेर येऊन रेघ उमटते. पेटीतले सर्व अॅडॅप्टर क्रमांकानुसार तपासावेत. मुंबईत चोरबाजार आणि कुर्ल्याचा भंगार बाजार, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार ही शोधण्याची जुनी ठिकाणे आहेत. मात्र अधिक खात्रीचा मार्ग म्हणजे बंद होत असलेली जुनी गॅरेजे. एकेकाळी अधिकृत विक्रेता असलेल्या गॅरेजच्या भिंतीवरील फळ्यावर अवजारांच्या रंगवलेल्या आकृत्या आढळल्या, तर त्या फळ्याचाच फोटो आधी काढून घ्यावा, कारण कोणते अवजार कोणत्या पेटीतले हे त्यावरून कळते.

नक्कल करून घ्यायची झाल्यास अस्सल अवजार मागून आणावे आणि त्याची मापे घ्यावीत. फक्त छायाचित्रावरून केलेली नक्कल बहुधा एखाद्या कोपऱ्यात अडते. कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर किंवा पुण्या-मुंबईतील कोणतेही चांगले लेथचे दुकान हे काम करते, परंतु पोलाद आपण सांगावे. ओढणाऱ्या स्क्रूसाठी ईएन २४, अंगासाठी ईएन ८ (ही पोलादाच्या प्रतींची नावे) पुरते. स्क्रूचे आटे बारीक ठेवावेत आणि टोकाला एक बेअरिंगची गोळी बसवावी, म्हणजे दाबाखाली टोक अॅक्सलवर घासत नाही. साध्या लोखंडी सळईचा स्क्रू पिळवटून निघतो आणि आत अडकतो. सील आणि बेअरिंगच्या बाह्यवलयासाठीचे ठोकणे अॅल्युमिनियमचे करावे; पितळही चालते, पण त्याचा चुरा बेअरिंगमध्ये जाऊ देऊ नये. नक्कल तयार झाल्यावर तिच्यावर मूळ क्रमांक आणि सोबत 'नक्कल' हा शब्द ठोकावा, नाहीतर वीस वर्षांनी कोणीतरी ती अस्सल म्हणून विकेल.

सांभाळण्याचे नियम थोडके आहेत. कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक आट्याला जाडसर तेल लावून अवजार तेलकट कागदात गुंडाळावे; लाकडी पेटी भिंतीला टेकवून ठेवू नये. मोजमापाची अवजारे पुलरच्या पेटीत टाकू नयेत. एकाच गाडीच्या चार-पाच मालकांनी मिळून महागडी अवजारे घ्यावीत, हे शहाणपणाचे आहे, कारण हबचा पुलर एका माणसाला दहा वर्षांत एकदोनदाच लागतो. अशा वेळी पेटीच्या झाकणाच्या आत वस्तूंची यादी चिकटवावी, नेणाऱ्याने आणि आणून देणाऱ्याने ती मोजून सही करावी, आणि वापरताना काही वाकले असेल तर ते लपवून न ठेवता चिठ्ठीवर लिहून पेटीत ठेवावे, कारण पुढचा माणूस त्याच स्क्रूवर पूर्ण जोर टाकणार असतो.